कर्मचारी नसलेलं स्टेशन कसं चालतं? हॉल्ट, जिओफेन्स आणि वांगणीचा धडा

जपानमधल्या छोट्या स्टेशनांच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. भाताची शेतं, एक लाकडी शेड, एक बाकडं, एकाच डब्याची गाडी. स्टेशनवर एकही कर्मचारी नाही. खाली आपल्या लोकांची कमेंट ठरलेली: ‘आपल्याकडे असतं तर बाकडंसुद्धा राहिलं नसतं.’

कमेंटवर मीही हसलो होतो. पण मी अंबरनाथचा, शाळा-कॉलेजपासून लोकलने फिरणारा आणि आता पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा. त्यामुळे माझा प्रश्न बाकड्याचा नव्हता. स्टेशनवर कुणीच नसेल तर स्टेशनची कामं कोण करतं? आणि मोबाईल तिकिटामुळे आपलीही छोटी स्टेशनं हळूहळू त्याच दिशेने चालली असतील, तर नक्की काय काय बदलतं?

या लेखात ते सगळं सोपं करून बघू.

स्टेशन म्हणजे पाच कामं

इंजिनिअरिंगमध्ये एक सवय लागते. मोठी वस्तू दिसली की तिचे भाग पाडायचे. स्टेशनचे असे भाग पाडले तर साधारण पाच कामं निघतात:

१. गाड्या सुरक्षित सोडणं आणि घेणं
२. तिकीट देणं
३. तिकीट तपासणं
४. माहिती देणं
५. काही बिघडलं की बघणं

‘कर्मचारी नसलेलं स्टेशन’ याचा अर्थ ही कामं बंद झाली असा नाही. ती दुसरीकडे हलवली जातात: शेजारच्या स्टेशनवर, गाडीत, एखाद्या यंत्रात, किंवा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये. कुठलं काम कुठे गेलं हे कळलं की सगळी व्यवस्था कळते.

काम पहिलं: गाडी सोडणं

आधी एक गैरसमज काढू. प्रत्येक स्टेशनवर सिग्नल देणारा स्टेशन मास्तर असलाच पाहिजे, असं नाही.

रेल्वेचा मार्ग तुकड्यांमध्ये वाटलेला असतो. अशा तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. साधा नियम असा, की एका वेळी एका तुकड्यात एकच गाडी. तुकड्याच्या दोन्ही टोकांना जी स्टेशनं असतात ती ब्लॉक स्टेशनं. तिथे सिग्नल असतात आणि गाडी पुढे सोडायची की नाही हे ठरतं.

मग या दोन टोकांच्या मध्येच एखादं गाव असेल तर? तिथे फलाट बांधतात, पाटी लावतात आणि वेळापत्रकात थांबा देतात. भारतीय रेल्वेच्या नियमांत अशा स्टेशनला ‘डी’ वर्ग म्हणतात, बोलीभाषेत हॉल्ट. गाडी येते, थांबते, पूर्वीचा गार्ड म्हणजे २०२२ पासूनचा ‘ट्रेन मॅनेजर’ घंटी देतो आणि गाडी निघते. सिग्नलच्या हिशेबात ते स्टेशन जणू नसतंच.

आणि तुकड्यात गाडी आहे की नाही हे कसं कळतं? दोन पद्धती जास्त वापरल्या जातात. पहिली, ट्रॅक सर्किट: रुळांमधून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळ एकमेकांना जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो आणि सिग्नल लाल होतो. दुसरी, अ‍ॅक्सल काउंटर: तुकड्यात शिरताना चाकांच्या जोड्या मोजायच्या, बाहेर पडताना परत मोजायच्या. दोन्ही आकडे जुळले तरच तुकडा रिकामा.

म्हणजे पहिलं काम बरंचसं यंत्राकडे देता येतं, आणि ते यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं. यंत्र डुलकी घेत नाही. शिवाय ट्रॅक सर्किटची रचना अशी असते की वायर तुटली तरी सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबेल, धडकणार नाही. याला फेल-सेफ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम दुसरं: तिकीट

जपानी उत्तर असं आहे. तिथल्या अनेक ग्रामीण गाड्यांवर फक्त चालक असतो. तुम्ही मागच्या दाराने चढता आणि दाराजवळच्या यंत्रातून एक छोटी चिठ्ठी घेता. तिच्यावर एक क्रमांक असतो, म्हणजे तुम्ही कुठे चढलात त्याची नोंद. पुढे चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या क्रमांकाचं भाडं दिसतं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि पैसे पेटीत टाकायचे. तिकीट खिडकी स्टेशनवरून उचलून गाडीत ठेवली, इतकंच.

हे फक्त जपानलाच जमतं असं समजू नका. विदर्भातली ‘शकुंतला’ आठवा. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. नंतरच्या काळात वाटेतल्या स्टेशनांवर कर्मचारी उरले नव्हते. तेव्हा गाडीबरोबरचा गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. कल्पना तीच, फक्त यंत्राच्या जागी माणूस.

देशातल्या अनेक हॉल्टवर तिसरा मार्ग दिसतो: हॉल्ट एजंट. हा रेल्वेचा नोकर नसतो. जवळच्या मोठ्या स्टेशनवरून तिकिटं आणतो, गावात विकतो आणि विक्रीवर कमिशन घेतो.

आणि आपल्या कल्याण-कर्जत पट्ट्यात? विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू. या स्टेशनांवर माणसं आहेत, पण तिकिटाचं काम फोनकडे वेगाने सरकलंय. रेल्वेची सॉफ्टवेअर संस्था ‘क्रिस’ने बनवलेलं यूटीएस अ‍ॅप २०१४ च्या अखेरीस मुंबईत आलं. आता १ जुलै २०२५ ला आलेल्या रेलवन अ‍ॅपमध्येही तीच सोय आहे.

अ‍ॅप ‘तुम्ही स्टेशनमध्ये आहात’ का म्हणतं?

हा अनुभव जवळपास प्रत्येकाने घेतलाय. फलाटावर आलात, गाडी दिसतेय, अ‍ॅप उघडलं आणि अ‍ॅप म्हणतं की इथून तिकीट काढता येणार नाही. राग येतो. पण यामागे चांगलं कारण आहे.

मुंबई लोकलला मेट्रोसारखे गेट नाहीत. कुणीही आत येऊ शकतं. अशा उघड्या व्यवस्थेत टीसी अधूनमधून तपासतो आणि दंडाची भीती बाकीचं काम करते. विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये. आता विचार करा, फलाटावर किंवा गाडीत बसून तिकीट काढता आलं असतं तर? टीसी दिसला की दोन टॅप, तिकीट तयार. टीसी नसेल तर फुकट प्रवास. सगळी व्यवस्थाच कोसळली असती.

म्हणून अ‍ॅप तुमचं जीपीएस बघतं. स्टेशन आणि रुळांभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण आखलेलं असतं, त्याला जिओफेन्स म्हणतात. त्या कुंपणाच्या आत असाल तर पेपरलेस तिकीट मिळत नाही. आधी बाहेरचंही एक कुंपण होतं, स्टेशनपासून ठरावीक अंतरातच तिकीट निघायचं. ते २०२४ मध्ये काढलं. आतलं कुंपण मात्र राहिलं.

गंमत अशी की फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि पत्र्याच्या शेडखाली किंवा उंच इमारतींमध्ये जास्तच. म्हणून उल्हासनगरसारख्या दाट वस्तीत तुम्ही स्टेशनबाहेरच्या दुकानात उभे असूनही अ‍ॅप कधीकधी तुम्हाला आत समजतं. दहा-वीस पावलं लांब जा, उघड्यावर या, परत बघा.

याच अडचणीसाठी स्टेशनवर क्यूआर कोड लावण्याची कल्पना आली. कोड स्कॅन केला म्हणजे तुम्ही स्टेशनवर आहात हे सिद्ध होतं. पण कायम तोच राहणाऱ्या क्यूआरचा फोटो काढून ठेवता येतो, आणि मग गाडीत बसूनही तो स्कॅन करता येतो. कुलपाची किल्ली पाटीवर छापल्यासारखं झालं! त्यावर सॉफ्टवेअरमधला नेहमीचा उपाय म्हणजे दर थोड्या वेळाने बदलणारा कोड.

काम तिसरं आणि चौथं: तपासणी आणि माहिती

पेपरलेस तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट चालत नाही, कारण तो कुणालाही पाठवता येतो. बॅटरी संपली आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर नियमाने तुम्ही विनातिकीट. म्हणजे तपासणीच्या कामाचा अर्धा भार आता तुमच्या चार्जिंगवर आहे.

माहितीचंही तसंच. पूर्वी ‘पुढची कर्जत कधी?’ हा प्रश्न खिडकीतल्या माणसाला विचारायचो. आता २०२२ पासून मध्य रेल्वेच्या यात्री अ‍ॅपवर लोकल नकाशावर सरकताना दिसते, कारण गाड्यांवरच जीपीएस बसवलंय. एम-इंडिकेटरवरच्या चॅटमध्ये तर गाडी कुठे अडकलीय हे प्रवासीच एकमेकांना सांगतात.

हे सगळं चांगलंच आहे. रांगेतली माझी कितीतरी मिनिटं वाचली. पण माझी आत्या वांगणीला राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. मी तिला हे सगळं कौतुकाने सांगत होतो तर ती म्हणाली, ‘अरे, ते ठीक आहे. पण खिडकीतला माणूस गेला तर मी विचारू कुणाला?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि तिथूनच आपण पाचव्या कामाकडे येतो.

काम पाचवं: काही बिघडलं तर

सॉफ्टवेअर लिहिताना ‘सगळं नीट चाललं तर’ हा भाग पटकन लिहून होतो. वेळ खातो तो ‘नीट चाललं नाही तर’ हा भाग. स्टेशनचंही तसंच आहे. पहिली चार कामं रोज हजार वेळा होतात, म्हणून ती यंत्राला शिकवता येतात. पाचवं काम कधीतरी येतं, आणि दर वेळी वेगळं असतं.

१७ एप्रिल २०२१. वांगणी स्टेशन, दोन नंबरचा फलाट, संध्याकाळची वेळ. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी एक आई तिच्या सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून फलाटावरून चालली होती. मुलगा कडेला गेला आणि तोल जाऊन रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. आईला मूल कुठे पडलं ते दिसत नव्हतं. ती फलाटाच्या कडेशी हाताने चाचपडत होती.

ड्युटीवर असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावले. मुलाला उचलून फलाटावर ठेवलं, स्वतः वर चढले आणि पुढच्या काही क्षणांत गाडी तिथून गेली. सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली.

आता हाच प्रसंग इंजिनिअरच्या नजरेने बघा. कॅमेरा चालू होता, त्याने सगळं नीट रेकॉर्ड केलं. पण कॅमेऱ्याने काहीही केलं नाही. ट्रॅक सर्किटला रुळावर पडलेलं लहान मूल कळत नाही, त्याला गाडीची चाकं आणि आस लागते. मघाशी फेल-सेफ हा शब्द आला होता. यंत्र बिघडलं तर व्यवस्था सुरक्षित राहते, हे खरं. पण इथे यंत्र बिघडलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात सगळं ठीक होतं.

शेळकेंची त्या वेळची नेमून दिलेली कामं पॉइंट्समनची होती. रुळावर उडी मारणं त्यांत बसत नव्हतं. ते करू शकले, कारण ते तिथे होते आणि त्यांचं लक्ष होतं.

मग तंत्रज्ञान बिनकामाचं का?

अजिबात नाही. फक्त कुठलं तंत्रज्ञान, हे बघायला हवं.

अंबरनाथ-बदलापूरच्या फलाटांवर कडेजवळ उंचवटे असलेल्या पिवळ्या फरशा बघा. त्या दृष्टिहीनांना पायाने आणि काठीने कळण्यासाठी असतात. ही कल्पना जपानचीच. सेइइची मियाके यांनी ती शोधली आणि १८ मार्च १९६७ ला ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली. ना बॅटरी, ना नेटवर्क, ना अपडेट. मुंबईच्या अनेक लोकल स्टेशनांवर दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र असतं, तेही तसंच साधं. ते ऐकून योग्य जागी उभं राहता येतं.

त्या फरशीवर आपण काय करतो? उभे राहून रील बघतो, बॅग ठेवतो. पुढच्या वेळी पायाखाली उंचवटे लागले तर दोन पावलं मागे सरका. एवढं केलं तरी त्या फरशीचं काम तिला करता येईल.

जपानची दुसरी बाजू

रीलमध्ये एक गोष्ट येत नाही. जपानमधली जवळपास निम्मी स्टेशनं आता कर्मचाऱ्यांविना आहेत, आणि त्यावर तिथेही भांडण आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना गाडीत चढायला फळी लागते, ती लावायला माणूस लागतो. स्टेशनवर माणूस नसेल तर आधी फोन करून मदत ठरवावी लागते. इतरांसारखं मनात आलं आणि निघालं, असं करता येत नाही. २०२० मध्ये ओइता भागातल्या काही दिव्यांग प्रवाशांनी याच मुद्द्यावर तिथल्या रेल्वे कंपनीला कोर्टात खेचलं.

एक गमतीचं उदाहरणही आहे. वाकायामा भागातल्या किशी स्टेशनवरून २००६ मध्ये कर्मचारी काढले. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने तामा नावाच्या मांजरीला टोपी घालून तिथली ‘स्टेशन मास्तर’ नेमलं, आणि तिला बघायला लांबून लोक येऊ लागले. जाहिरात म्हणून ते हुशारीचं होतंच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं: रिकाम्या स्टेशनवर आपली वाट बघणारं कुणीतरी असावं असं लोकांना वाटतं.

छोट्या स्टेशनवरून प्रवास करताना

– तिकीट घरून किंवा रस्त्यावरूनच काढा, फलाटावर पोचायची वाट बघू नका. पेपरलेस लोकल तिकीट काढल्यावर एका तासात प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे फार लवकरही नको.
– एकदा काढलेलं तिकीट अ‍ॅपमध्ये नेट नसतानाही दाखवता येतं. पण त्याच फोनमध्ये. फोन बदलत असाल तर आधी विचार करा.
– आर-वॉलेटमध्ये थोडे पैसे ठेवा. यूपीआयमध्ये बँकेपर्यंत जाऊन यावं लागतं, वॉलेटमध्ये तो टप्पा नसतो.
– १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक पाठ ठेवा. सुरक्षेसाठीही तोच. बटणांच्या फोनवरूनही लागतो, म्हणून घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.
– घाई कितीही असली तरी रूळ ओलांडू नका. पूल लांब वाटला तरी.
– शेजारी कुणी दृष्टिहीन प्रवासी असेल तर आधी विचारा, ‘मदत करू का?’ हो म्हणाले तर तुमचा हात त्यांना धरू द्या. ओढू नका.

शेवटी

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवं स्टेशन मंजूर झालंय. ते उभं राहील तेव्हा तिथे तिकीट फोनवर निघेल, गाडी नकाशावर दिसेल, कॅमेरे असतील. चार कामांची सोय तंत्रज्ञान करेल, आणि ती करायलाच हवी. रांगेत उभं राहण्यात काही मोठेपणा नाही.

पण नव्या स्टेशनची यादी करायला मला कुणी सांगितलं, तर मी पाचव्या कामासमोर एखाद्या अ‍ॅपचं नाव लिहिणार नाही. तिथे मी माणूस लिहीन. त्याच्या हातात झेंडा असो की वॉकीटॉकी. आत्याला पुढच्या गाडीची वेळ सांगणारा, आणि वेळ आलीच तर धावणारा.